इंगळेकाकांचं सोन्याचं गाव

म्युनिकजवळच्या गार्चिंगला आम्ही राहायला आलो तेव्हा खालच्या मजल्यावर मराठी कुटुंब आहे हे ऐकून माझा नवरा समीर खूश झाला आणि मी सावध झाले. परदेशातला मराठी शेजार म्हणजे एक तर त्यांना तुमच्या आमटीबद्दल मत असतं, नाही तर तुम्हाला त्यांच्या भिशीत घ्यायचं असतं. इंगळेकाकांकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे एक गाव होतं, आणि ते भेटेल त्याला सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

पहिल्या दिवशी जिन्यात भेटले. बुटके, गोरटेले, स्वेटरवर स्वेटर घातलेले, हातात बाटल्या परत द्यायची पिशवी.

"कुठले तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"पुण्याचे," मी म्हटलं. "कोथरूड."

"असू द्या की," ते म्हणाले.

कोथरूडला "असू द्या" म्हणणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. मी काही बोलणार तेवढ्यात तेच पुढे म्हणाले, "आमच्या गावात विजेचे दिवे लागले तेव्हा तुमच्या पुण्यात कंदिलाच्या काचा पुसत होते, बघा."

त्यांचं गाव म्हणजे कोलारची सोन्याची खाण. बेंगळुरूच्या पलीकडे. मराठ्यांच्या जहागिरीच्या काळात जी घराणी दक्षिणेत उतरली आणि तिथेच राहिली, त्यांतलं एक यांचं. घरात मराठी, गल्लीत तमिळ, बाजारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा चार भाषांत ते वाढले. त्यामुळे त्यांचं मराठी जरा हेल काढून चालायचं आणि मध्येच "होय की" म्हणून टेकायचं. काकांचे वडील खाणीत लाकडी टेकू लावायचे. दगड खोदत पुढे गेलं की वरचं छत खाली येऊ नये म्हणून जे टेकू देतात, ते. काका स्वतः मात्र कधी खाली उतरले नाहीत. वडिलांनी त्यांना शिकवलं, बेंगळुरूला इंजिनियर केलं. तिथून ते पंपांच्या कंपनीतून जर्मनीला आले आणि इथल्या एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये पंप सांभाळायला लागले. खाणीत हवा खाली ढकलावी लागते आणि इथल्या प्रयोगात ती बाहेर काढावी लागते. "आमच्या घराण्याचा हवेशी संबंध आहे," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

गावाचा इतिहास त्यांच्याकडून मी इतक्या वेळा ऐकलाय की मला तो आता माझ्याच आजोळचा वाटतो. आधी नुसतं माळरान आणि जुन्या लोकांनी कधी काळी खणलेले खड्डे. मग साहेब आले, त्यांनी ते खड्डे खोल केले. खोल म्हणजे किती? काका हात वर करायचे आणि म्हणायचे, इथून विमान जातं ना, तेवढं खाली. तिथे दगड इतका तापलेला की हात टेकवत नाही. वर मात्र साहेबाचं विलायत. क्लब, बिलियर्ड, गुलाबाचे ताटवे. आणि त्याच्या मागे लायनी, म्हणजे कामगारांच्या घरांच्या रांगा, एका भिंतीला दोन बिऱ्हाडं. शेजारच्या घरात लसणाची फोडणी पडली की यांच्या घरात शिंक यायची.

"आणि सोनं?" कोणी नवीन माणूस विचारायचाच.

"सोनं मी पाहिलं नाही. बाबांनी पण नाही. आम्ही दगड बघितला."

यावर सुलभाकाकू स्वयंपाकघरातून ठरलेलं वाक्य टाकायच्या. काकू सोलापूरच्या. "सोन्याच्या गावचा मुलगा म्हणून माझ्या वडिलांनी दिली मला. मंगळसूत्र माहेरूनच आणावं लागलं."

म्युनिकच्या गणपतीला काका एक कोपरा धरून बसायचे. पुण्या-मुंबईहून नवीन आलेली मोटारींच्या कंपन्यांतली पोरं त्यांच्या तावडीत सापडायची. वीज, विलायत, लायनी, एवढं होईपर्यंत ती मान डोलवायची आणि मग "काका, जरा प्रसादाचं बघतो" म्हणून पळायची. काकांना ते कळत नसे असं नाही. पण शेवटी ते एक गोष्ट हमखास सांगायचे आणि ती सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. "निवृत्त झालो की मी परत जाणार. आमची थोरली बहीण आहे तिथे, अक्का, त्याच घरात. अक्का आहे तोवर आमचं गाव आहे."

काकू तेव्हा प्रसाद वाटायला उठायच्या. मला मात्र एकदा म्हणाल्या, "जाऊ देत त्यांना. मी नाही जायची. जर्मन शिकता शिकता माझे केस पांढरे झाले, आता कन्नड कुठे शिकू? पण त्यांना अडवायचं नाही. ते त्या एका गोष्टीवर जगतात ग."

त्यांची एक सवय मला सुरुवातीला फार विचित्र वाटायची. कामावरून कोणीही घरी आलं, मग तो समीर असो, मी असो नाही तर तळमजल्याच्या जर्मन आजीबाई असोत, काका दारातून डोकावून म्हणायचे, "आलात? बरं झालं." आजीबाईंना तेच जर्मनमध्ये. एवढं समाधान मला बघून माझ्या सासूलाही कधी झालं नाही. आणि दुसरी सवय, बाहेरून एखादा अवजड ट्रक गेला आणि कपाटातल्या बश्या वाजल्या की काका बोलता बोलता थांबायचे. डोळे जमिनीकडे. बश्या गप्प झाल्या की पुन्हा तिथूनच पुढे.

याचा उलगडा मला एका हिवाळ्यात झाला. त्या दिवशी दुपारपासून जोराचा बर्फ पडत होता. समीर म्युनिकहून यायचा होता, ऊ-बान, म्हणजे इथली मेट्रो, बंद पडली होती आणि त्याचा फोन लागत नव्हता. मी दोनदा खाली जाऊन दारातून रस्ता बघून आले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा काकांनी विचारलं, "समीर यायचाय?" मी मान हलवली. त्यांनी आत बघून काकूंना फक्त म्हटलं, "अहो, शेगडी बंद करा."

दोघं कोट घालून माझ्याबरोबर खाली आली आणि मुख्य दारापाशी उभी राहिली. काही बोलत नव्हती. मला बोलायची सवय. मी म्हटलं, "अहो काका, येईल तो, तुम्ही कशाला," तर त्यांनी हाताने थांबवलं. थोड्या वेळाने आजीबाई काय झालं म्हणून बाहेर आल्या. काकांनी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. आजीबाईंनी "आख सो" म्हटलं, आत जाऊन शाल घेतली आणि त्याही सपाता घालून आमच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. चार माणसं, चार वयं, आणि कोणी चकार शब्द काढत नाही. मला आधी हसू येत होतं, मग रडू यायला लागलं, आणि मग काय झालं कोण जाणे, मला एकदम बरं वाटलं. मी एकटी नव्हते.

समीर आला तो पार पांढरा होऊन. हायडेच्या, म्हणजे इथल्या माळरानाच्या, बाजूने चालत आला होता. काका म्हणाले, "आलात? बरं झालं," आणि जिना चढून गेले. काकूंची शेगडी लागल्याचा आवाज आला. समीर मला विचारत राहिला की झालंय काय, आणि मी त्याला चार्जर नेत नाहीस म्हणून झापलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी सांगितलं. खाणीत खूप खोल गेलं की दगडाला ताण येतो आणि तो कधी कधी आतल्या आत फुटतो. तेव्हा वर गावात जमीन हलायची. मांडणीवरची भांडी खाली यायची. ती वाजली की लायनीतल्या बायका तव्यावरची भाकरी उतरवायच्या, चुलीतली लाकडं बाहेर ओढायच्या आणि दारात येऊन उभ्या राहायच्या. कोणी कोणाला काही विचारायचं नाही. नाव काढायचं नाही. एकेक माणूस वर यायचा, गल्लीत शिरायचा. आणि रीत अशी होती की आपला माणूस आला तरी आत जायचं नाही. गल्लीतला शेवटचा माणूस येईपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं, मगच चुली पेटायच्या.

"आणि शेवटचा आला नाही तर?" मी विचारलं.

"मग त्या दिवशी चुली पेटायच्या नाहीत," काका म्हणाले.

वडिलांच्या नशिबी ते आलं नाही. ते पेन्शन घेऊन अंथरुणात गेले. "खाणीतल्या माणसाला एवढं मिळालं म्हणजे सोनं मिळालं," काका म्हणायचे. पुढे खाणच बंद पडली. दगडातलं सोनं परवडेनासं झालं. ही बातमी अक्काने फोनवर दिली तेव्हा काका इथे एका पंपाचं झाकण उघडून बसले होते. झाकण तसंच ठेवून ते घरी आले म्हणे, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यांची मुलगी मीरा. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. एका रविवारी चहाला आम्ही दोघं त्यांच्याकडे होतो. काकांचं गाव सुरू होतं. मीरा फोनवर नकाशा काढून बघत होती. ती म्हणाली, "पापा, दास इस्ट डॉख नूर आइन फोरऑर्ट." म्हणजे, हे तर नुसतं उपनगर आहे. तिचंही काही खोटं नव्हतं. खाण बंद झाल्यापासून गावाला काम नाही. सगळं गाव पहाटेच्या गाडीने बेंगळुरूला नोकरीला जातं आणि रात्री झोपायला येतं.

काकांना राग आला. "सकाळी जातात नि संध्याकाळी येतात म्हणून गाव उपनगर होतंय होय? मग हे गार्चिंग काय आहे?"

"जा, गेनाऊ," मीरा शांतपणे म्हणाली. "आउख आइन फोरऑर्ट." म्हणजे, हेही उपनगरच.

समीरला चहाचा ठसका लागला. मी मुद्दाम बाकरवडीची बशी पुढे केली.

दर रविवारी सकाळी काका अक्काला फोन लावायचे, स्पीकरवर, साऱ्या जिन्याला ऐकू जाईल असा. अक्का त्यांच्याहून बरीच मोठी, लग्न न केलेली, खाणीच्या इस्पितळात नर्स होती. काकांची आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्यांना वाढवलं. काकांचा प्रश्न ठरलेला असायचा. "गल्लीत कोण कोण आहे?" मग अक्का नावं घ्यायची. वर्षागणिक नावं कमी होत गेली. काका मात्र निवृत्तीकडे डोळे लावून बसले होते. घराला रंग कोणता द्यायचा, मोरी आत घ्यायची की नाही, अक्काच्या खोलीत पंखा कुठे हवा, सगळं ठरलेलं.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना एका रविवारी फोनवर अक्का काकांना म्हणाली, "काशी, मी घर सोडतेय. बेंगळुरूला जातेय, चुलतभावाच्या मुलाकडे. त्यांचं लिफ्टचं घर आहे."

मग काकांचा आवाज चढला. मी येतोय ना, एवढी वर्षं थांबलीस, आता काय झालं, मी कोणाच्या जिवावर येऊ? अक्का सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "माझे गुडघे गेले रे. मोरी बाहेर आहे, रात्री दोनदा जावं लागतं. तू लांबून गाव बघतोस, मी दाराची पायरी बघते." आणि वर म्हणाली, "आणि कोणतं गाव रे? आता जमीन हलली तर कोणी बाहेर पण येत नाही."

फोन ठेवल्याचं आम्ही ऐकलं. मी जाऊन काकूंकडे डोकावणार होते, पण समीर म्हणाला, नको.

त्या वर्षी गणपतीत एका नवीन मुलाने आपणहून विचारलं, "काका, तुमच्याकडे म्हणे सोन्याची खाण होती?" काका म्हणाले, "होती," आणि कोशिंबीर वाढून घेतली. एरवी आम्ही या माणसाच्या गोष्टीला कंटाळायचो, आणि त्या दिवशी मला वाटलं, कोणी तरी याला बोलतं करा हो. पण गाव असं कोणाला मागून मिळतं थोडंच.

शेवटी काकूंनीच त्यांचं तिकीट काढलं. "जा आणि अक्काचं घर आवरून द्या. भांडून बसू नका," म्हणाल्या. काका गेले आणि काही आठवड्यांनी परत आले. आल्यावर ते पहिल्यांदा बोलले ते माझ्याशी, खाली कागदाच्या निळ्या डब्याशेजारच्या बाकावर. मी रद्दी टाकायला गेले होते.

"गाव आहे हो," ते म्हणाले. "पण दिवसा कुलूप असतंय. सगळ्या दारांना. मी सकाळी उठून दारात बसायचो तर कुत्रं पण ओळखीचं नाही. अक्काची भांडी बांधली, देव बांधले. तिला आनंदच होता. लिफ्टचं बटण कसं दाबतात ते विचारत होती मला."

"तुम्ही बोललात तिच्याशी?"

"काय बोलू? तिचे गुडघे खरेच आहेत की."

मग ते म्हणाले, "एका संध्याकाळी जमीन हलली."

मी रद्दी तशीच हातात धरून बसले.

"पाऊस फार झाला होता. खाली सगळं पाणी भरलंय, दगड अजून बसतोय. थोडीशीच हलली. झाकणं वाजली. आम्ही जेवत होतो. मी ताटावरून उठलो, बाहेर गेलो, उभा राहिलो. कोणी नव्हतं. आत टीव्ही चालू होते. समोरच्या घरातून एक पोरगी आली बाहेर, नवीन राहायला आलेली, कडेवर लेकरू. मला विचारलं, कोणाची वाट बघताय? आता काय सांगू? बाबा जाऊन किती वर्षं झाली. खाली माणूस नाही, पाणी आहे. मला लाज वाटली बघा. आत जायला वळलो, तर अक्का."

"अक्का बाहेर आली?"

"भिंत धरत धरत. काही बोलली नाही. माझ्या शेजारी उभी राहिली. तिच्या गुडघ्यांना उभं राहवत नाही, पण राहिली. मग अक्काने त्या पोरीला विचारलं, तुझा माणूस आला काय ग? ती म्हणाली, नाही, बेंगळुरूची गाडी लेट आहे. अक्का म्हणाली, मग थांबू या."

काका डोळे पुसत होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मलाही नव्हतं.

"थांबलो आम्ही. ती पोरगी आधी हसत होती. मग तिने लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गप्प उभी राहिली. तिचा नवरा आला, डब्याची पिशवी घेऊन. त्या बिचाऱ्याला कळेचना, दोन म्हातारी माणसं आपल्यासाठी रस्त्यात का उभी. मी म्हटलं, आलात? बरं झालं. आणि आम्ही आत जाऊन गार भात जेवलो. तिसऱ्या दिवशी अक्काला टॅक्सीत बसवलं."

यापुढे परत जाण्याची भाषा त्यांनी केली नाही. मीराला पूर्व जर्मनीतल्या येनाला दुर्बिणींच्या भिंगांच्या कंपनीत नोकरी लागली होती आणि तिला बाळ व्हायचं होतं. काका निवृत्त झाले तेव्हा काकूंनी ठरवलं की आपण येनाला जायचं. पेन्शनमध्ये म्युनिकच्या आसपास राहणं तसंही जड होतं. काका म्हणाले, "होय की." कोणी काही सांगितलं की ते हल्ली एवढंच म्हणायचे. मला त्यांच्याशी भांडावंसं वाटायचं. कोथरूडबद्दल काही तरी वाईट बोला, असं म्हणावंसं वाटायचं.

सामान हलवायच्या दिवशी काकू आणि मीरा सकाळच्या गाडीने पुढे गेल्या. काका सामानाच्या ट्रकमधून जाणार होते, ड्रायव्हरच्या शेजारी बसून. आजीबाईंनी त्यांना केक बांधून दिला. समीरने वाकून नमस्कार केला. मी डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून, ट्रकमध्ये कुंड्या कशा ठेवल्यात यावर मजुरांना दोन शब्द सुनावले. काका म्हणाले, "येऊ काय?" मी म्हटलं, "या."

रस्त्यात कचऱ्याची गाडी आडवी उभी होती, म्हणून ट्रक निघेना. खिडकी उघडी होती. ड्रायव्हर तरुण होता. वेळ घालवायला त्याने विचारलं, इथे किती वर्षं होतात तुम्ही? मी फुटपाथवर, अगदी खिडकीखाली होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आल्झो," काका आपल्या हेलाच्या जर्मनमध्ये म्हणाले, "मी आलो तेव्हा इथे काही नव्हतं. हे समोर दिसतंय ना, तिथपर्यंत मका. ऊ-बान नव्हती. आमच्या गार्चिंगमध्ये तेव्हा सगळे सगळ्यांना ओळखायचे."

आमच्या गार्चिंगमध्ये. इतक्या वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकले नव्हते. ज्या गावात मी अजून राहत होते, ज्याच्या नावाने मी रोज भाड्यावरून नि अंधारावरून बोटं मोडत होते, ते काकांचं सुटलेलं गाव होऊन बसलं होतं, आणि मला कोणी सांगितलंही नव्हतं.

ड्रायव्हर मान डोलवत होता, गणपतीतली पोरं डोलवायची तशीच. कचऱ्याची गाडी बाजूला झाली, ट्रक सुरू झाला आणि आवाजात पुढचं काही ऐकू येईना. पण काकांचं तोंड चालूच होतं. हात खिडकीबाहेर काढून ते त्या मुलाला काही तरी दाखवत होते. तिथे आता एक ऑफिसची इमारत आहे. आधी काय होतं, ते मला माहीत नाही.